चाच्यांच्या मल्टिप्लेअर खेळात उथळ पाणी कसे आणावे: खोलीच्या नकाशापासून फसलेले जहाज सोडवण्यापर्यंत

शिडाच्या जहाजांचे आणि समुद्री चाच्यांचे पुष्कळ खेळ समुद्राला एक सपाट पत्रा समजतात. बेटाच्या किनाऱ्यापर्यंत पाणी सगळीकडे सारखेच खोल असते, आणि किनारा आला की जहाज अदृश्य भिंतीला धडकते. यामुळे लहान होडी आणि तोफांनी लादलेले मोठे जहाज यांत वेग आणि ताकद एवढाच फरक उरतो. उथळ पाणी आणले की हा हिशेब बदलतो. लहान जहाजाला लपायला जागा मिळते, मोठ्या जहाजाच्या कप्तानाला पाठलाग कुठे सोडायचा याचा विचार करावा लागतो, आणि एका जहाजावरच्या चार खेळाडूंना एकमेकांशी बोलण्याचे खरे कारण मिळते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी बसून, साध्या लॅपटॉपवर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर युनिटी, गोडो किंवा अनरिअल यांपैकी एखादे गेम-इंजिन वापरून खेळ बनवणाऱ्या दोन-चार जणांच्या चमूसाठी ही मांडणी आहे.

पुढची प्रत्येक पायरी एका नियमाला बांधलेली आहे. खेळाडूचे जहाज फसले तर ते का फसले, हे त्याला त्याच क्षणी कळले पाहिजे, आणि फसण्याआधी ते ओळखण्याची सोय पाण्यातच असली पाहिजे. हा नियम पाळला तर उथळ पाणी खेळाडूला आवडते. मोडला तर तो खेळ बंद करतो, आणि ते योग्यच आहे.

समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी उथळ पाण्याचा अभ्यास करायला वैनगंगा जवळ आहे. पावसाळा सरल्यावर डोंग्यात उभा राहून बांबूने पाणी चाचपडत जाणारा ढीवर नीट पाहावा. बांबू रेतीवर किरकिरतो, गाळात मऊ शिरतो आणि उपसताना ओढ घेतो, खडकावर टणकन वाजतो. म्हणजे एकाच हालचालीत त्याला खोलीही कळते आणि तळ कसला आहे तेही कळते. रेतीच्या उथळ पट्ट्यावरून धार वाहते तिथे पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात, डोहावर पाणी गुळगुळीत आणि काळपट दिसते. आणि दर पुरानंतर पात्र नवे होते. गेल्या उन्हाळ्यात डांगरवाडी होती तिथून या वर्षी धार गेलेली असते. पाणी मोजणे, पाणी वाचणे आणि पाणी बदलणे, या तिन्ही गोष्टी खेळात आणायच्या आहेत. नदी शिकवत नाही ती गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी, आणि आपल्याकडच्या कित्येक खेळाडूंनी समुद्र पाहिलेलाच नसल्यामुळे ती खेळातूनच शिकवावी लागेल.

पहिली पायरी: जहाजांचा ड्राफ्ट ठरवा

तळ रंगवायला बसण्याआधी जहाजांचे आकडे ठरवावेत, कारण दोन मीटर पाणी उथळ की पुरेसे, हे जहाजावरून ठरते. जहाजाचा ड्राफ्ट म्हणजे पाण्याच्या पातळीपासून त्याच्या तळाच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंतचे अंतर. तीनच वर्ग पुरेत: वल्ह्यांनीही चालणारे हलके गलबत १.२ मीटर, मधले गुराब २.५ मीटर आणि मोठे व्यापारी किंवा लढाऊ जहाज ४.५ मीटर. हे आकडे खेळाच्या सोयीचे आहेत, मात्र त्यांच्यामागचा विचार इतिहासातला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांची असत, वारा पडला की गुराबांना ओढून नेत, आणि किनाऱ्यालगतच्या खाड्यांत युरोपीय जहाजे त्यांच्या मागे सहज येऊ शकत नसत. वर्गावर्गांत किमान एक मीटरचा फरक ठेवावा. त्याहून कमी ठेवला तर खेळाडूला तो जाणवत नाही.

ड्राफ्ट हा स्थिर आकडा ठेवू नये. मालाच्या वजनाने तो वाढला पाहिजे. याचा हिशेब सोपा आहे. अठरा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद जहाजाच्या पाणरेषेचे क्षेत्रफळ, टोकांचा निमुळतेपणा धरून ०.७ ने गुणले, तर ६३ चौरस मीटर येते. ते जहाज एक सेंटिमीटर खाली बसायला ०.६३ घनमीटर समुद्राचे पाणी, म्हणजे सुमारे ०.६५ टन वजन लागते. वीस टन लूट भरली की जहाज ३१ सेंटिमीटर खाली बसले. सकाळी ज्या उथळ जागेवरून रिकामे जहाज निघून गेले, तिथेच ते परतताना लुटीमुळे फसते. लोभाची किंमत खेळाडूला अशी पाण्यातच मोजावी लागते आणि त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. जहाजाच्या बाजूवर रंगाची पट्टी द्या, म्हणजे ते किती खाली बसले आहे हे शेजारच्या जहाजावरूनही दिसेल.

दुसरी पायरी: खोलीचा नकाशा

समुद्रतळ ही एक करड्या छटांची प्रतिमा म्हणून साठवावी आणि प्रत्येक ठिपक्याचा आकडा हा त्या जागेची खोली मानावा. जगाची बाजू ४०९६ मीटर असेल आणि प्रतिमा २०४८ गुणिले २०४८ ठिपक्यांची असेल, तर एक ठिपका दोन मीटरचा होतो, आणि शिडाच्या जहाजासाठी एवढी बारीकी पुरते. इथे एक चूक फार सहज होते: प्रतिमा आठ बिटांची ठेवली जाते. किनाऱ्यावरच्या पाच मीटर उंचीपासून साठ मीटर खोलीपर्यंतचा ६५ मीटरचा पल्ला २५६ पायऱ्यांत वाटला, तर एक पायरी पंचवीस सेंटिमीटरची होते, तळ जिन्यासारखा बनतो आणि जहाज विनाकारण ठेचकाळते. सोळा बिटांत तोच पल्ला ६५,५३६ पायऱ्यांत वाटला जातो आणि एक पायरी एका मिलिमीटरवर येते. फाईल आठ मेगाबाइटची होते, आणि ती दाबून पाठवली की मोबाइल डेटावरही खेळाडूला जड जात नाही. दोन ठिपक्यांमधली खोली काढताना आजूबाजूच्या चार ठिपक्यांची प्रमाणशीर सरासरी घ्यावी.

याच आकाराची दुसरी प्रतिमा तळाच्या प्रकारासाठी ठेवावी आणि तिला आठ बिट पुरेत: रेती, गाळ, खडक, प्रवाळ. या प्रतिमेत मात्र सरासरी घेऊ नये, जवळच्या ठिपक्याचा प्रकार जसाच्या तसा घ्यावा, कारण अर्धी रेती आणि अर्धा खडक असा तळ नसतो.

खोली कोणत्या पातळीपासून मोजायची, हे एकदाच ठरवून सगळ्यांनी पाळावे. सर्व्हरच्या हिशेबासाठी सरासरी समुद्रपातळी सोयीची आहे. खेळाडूच्या हातातल्या कागदी नकाशावर मात्र मोठ्या ओहोटीच्या वेळची खोली छापावी, कारण खऱ्या सागरी नकाशांचीही रीत तीच आहे. नकाशावर दोन मीटर लिहिले असेल तर तिथे निदान दोन मीटर पाणी मिळेल, असा विश्वास त्यातून तयार होतो.

तिसरी पायरी: भरती-ओहोटी

चाच्यांचे खेळ बहुधा कॅरिबियन समुद्रात घडतात, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक अगदी थोडा असतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी हाच फरक चार मीटरच्या पुढे जातो. उथळ पाण्याचा खेळ करायचा असेल तर कोकणासारखा किनारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी दर काही मिनिटांनी वाट उघडते आणि बंद करते, ही कल्पना तिथेच जिवंत होते.

सूत्रासाठी दोन लहरींची बेरीज पुरते. चंद्रामुळे येणारी लहर १२.४२ तासांची आणि सूर्यामुळे येणारी १२ तासांची असते. सरासरी पातळीपासून पहिलीची उंची एक मीटर आणि दुसरीची ०.४ मीटर धरली, तर दोन्ही जुळतात तेव्हा भरती-ओहोटीत २.८ मीटरचा फरक पडतो आणि त्या एकमेकींविरुद्ध पडतात तेव्हा १.२ मीटरचा. म्हणजे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) वेगळे लिहावे लागत नाहीत, ते या बेरजेतून पावणेपंधरा दिवसांच्या चक्रात आपोआप येतात. खेळातला एक तास म्हणजे प्रत्यक्षातले एक मिनिट असा वेग ठेवला, तर दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा मिनिटे जातात आणि एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत सहा तासांच्या आत-बाहेर वेळ लागतो. एका बैठकीत खेळाडूला तीन-चार भरत्या दिसतात, हे प्रमाण चांगले आहे.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही खेळाडूला जाणवू द्यावे. खलाशांचा बाराव्या भागाचा नियम असा आहे की सहा तासांच्या चढावात पाणी पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग चढते. वरच्या लहरींतून हे जवळपास असेच बाहेर येते, म्हणून भरतीच्या मध्यावर एखादी वाट पाहता पाहता उघडते. तिथीला पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला ठोकताळा बंदरावरच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाच्या तोंडी घालावा आणि खेळातल्या आकाशात चंद्राची कला खरी दाखवावी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. आपल्याकडे तिथी घरोघरी माहीत असल्यामुळे विदर्भातला खेळाडू हे पंचांगाच्या भाषेत लगेच उचलतो.

चौथी पायरी: तळाखाली किती पाणी उरले

सगळा खेळ एका वजाबाकीवर उभा आहे: खोली अधिक भरतीची पातळी, वजा ड्राफ्ट, वजा वेगामुळे जहाज जितके खाली बसते तितके अंतर. उत्तर शून्याच्या वर असेल तर जहाज तरंगते. ही वजाबाकी जहाजाच्या मध्यबिंदूवर एकदाच करू नये. पुढचे टोक, मागचे टोक, मध्य आणि दोन्ही कडांवरचे दोन-दोन बिंदू असे सात बिंदू तपासावेत, म्हणजे जहाज पुढून फसले की बाजूने घासले हे कळते. वीस जहाजे, सात बिंदू आणि सेकंदाला वीस वेळा तपासणी धरली तरी २,८०० वाचने होतात, आणि कोणत्याही स्वस्त सर्व्हरला ती किरकोळ आहेत.

लहान लाटा या हिशेबात घेऊ नयेत. लाटांचे दृश्य प्रत्येक खेळाडूच्या मशीनवर किंचित वेगळे असते, आणि लाटेच्या खळग्यामुळे जहाज फसू लागले की एकाच्या पडद्यावर फसलेले जहाज दुसऱ्याच्या पडद्यावर तरंगताना दिसते.

वेगाचा भाग वगळू नये, कारण तो कप्तानाच्या हातात निर्णय देतो. उथळ पाण्यात चालणारे जहाज खाली ओढले जाते. मोठ्या जहाजांसाठी वापरले जाणारे बॅरास यांचे सोपे सूत्र असे आहे: जहाजाच्या आकाराचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग, भागिले शंभर, वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), उत्तर मीटरमध्ये. गुणांक ०.५ धरला तर आठ नॉट वेगाला ३२ सेंटिमीटर आणि चार नॉटला फक्त आठ सेंटिमीटर. म्हणजे शिडे उतरवून वेग अर्ध्यावर आणला की पाव मीटर पाणी फुकट मिळते. शिवाय अडीच मीटर पाण्यात साडेसहा-सात नॉटच्या पुढे पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो, जहाज जड वाटू लागते आणि वळायलाही जास्त जागा घेते. तळाखालचे पाणी ड्राफ्टच्या निम्म्याहून कमी झाले की कमाल वेग आणि सुकाण्याची पकड हळूहळू कमी करावी. सुकाणू जड झाले की अनुभवी खेळाडू खाली न पाहता ओळखतो की तळ जवळ आला.

पाचवी पायरी: पाणी वाचता आले पाहिजे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. इथे कसर केली तर बाकीचा सगळा हिशेब बरोबर असूनही खेळाडूला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

पहिली खूण रंगाची. खोल पाणी गडद निळे, रेतीवरचे उथळ पाणी फिकट हिरवट, प्रवाळ आणि खडकावरचे पाणी तपकिरी. शेडरमध्ये, म्हणजे पाणी पडद्यावर रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, रंग हा खोलीच्या नकाशावरूनच काढावा, वेगळा रंगवू नये, म्हणजे डोळ्यांना दिसते ते आणि सर्व्हर मोजतो ते यांत तफावत पडणार नाही. सूर्य डोक्यावर आणि पाठीमागे असताना खलाशाला तळ उत्तम दिसतो, समोर आणि खाली असताना पाणी चकाकते आणि काहीच दिसत नाही. एवढा एक नियम शेडरमध्ये घातला की संध्याकाळी पश्चिमेकडच्या खाडीत शिरणे आपोआप धोक्याचे होते. डोलकाठीवर चढलेल्या खेळाडूला हे रंग जास्त दूरवर दिसावेत.

दुसरी खूण लाटांची. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की लाट फुटते, त्यामुळे एक मीटरची लाट साधारण १.३ मीटर पाण्यात फेसाळते. भर समुद्रात एकाच जागी पुन्हा पुन्हा फेस दिसला तर तिथे पाण्याखाली काहीतरी आहे, हे कोणत्याही सूचनेशिवाय समजते. निवांत हवेत मात्र ही खूण मिळत नाही, आणि म्हणून खेळात शांत समुद्र वादळापेक्षा जास्त कपटी ठरू शकतो.

तिसरे साधन शिशाच्या वजनाची दोरी. खरी दोरी अंधारातही हाताने वाचता येत असे: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरे कापड, सातवर लाल कापड, दहावर भोक पाडलेले चामडे. इंग्रजी खलाशांचा वाव सहा फुटांचा, म्हणजे १.८३ मीटरचा. शिशाच्या गोळ्याच्या खालच्या खळग्यात चरबी भरत, तिला तळाची रेती किंवा शिंपल्यांचे तुकडे चिकटून वर येत आणि तळ कसला आहे ते कळे. चरबी स्वच्छ आली तर खाली खडक. खेळात ही दोरी आकडा छापणाऱ्या यंत्रासारखी करू नये. खेळाडूने ती पुढे फेकावी, सहा-सात सेकंद जावेत, मग ओल्या दोरीवरची खूण त्याच्या हातात दिसावी आणि गोळा उलटा केला की चरबीला चिकटलेली रेती दिसावी. पाच नॉटच्या वर वेग असेल तर दोरी तिरपी जाऊन वाचन चुकावे. मोजणारा पुढच्या टोकाला आणि सुकाणू मागच्या टोकाला असल्याने मोजलेले ओरडून सांगावे लागते, आणि सहकार्य इथेच घडते. सुकाणूवाल्याला शिडांमुळे समोरचे पाणी दिसू नये, हे मुद्दाम राखावे.

आपल्याकडे व्हॉइस चॅटवर विसंबून राहता येत नाही. गावात नेटवर्कची एक काडी असली की आवाज तुटतो. म्हणून मोजणाऱ्याला तयार आरोळ्यांचे बटण द्यावे: ‘दोन वाव, रेती’, ‘तीन वाव, गाळ’, ‘खडक, थांबा’. सर्व्हरवरून फक्त आरोळीचा क्रमांक जातो आणि आवाज प्रत्येकाच्या मशीनवर वाजतो. या आरोळ्या ध्वनिमुद्रित करायला देसाईगंजकडे झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत मिळतील तर जरूर घ्यावेत, कारण मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज त्यांच्याकडे असतो आणि झाडीबोलीतली आरोळी इथल्या खेळाडूला आपली वाटते.

सहावी पायरी: फसणे आणि सुटणे

तळाला टेकताच जहाज एकदम थांबवू नये. रेतीत ते एक-दोन सेकंदांत घसरत थांबावे, गाळात हळूहळू रुतावे आणि खडकावर दणका बसावा. नुकसान वेगाच्या वर्गावर बेतावे, म्हणजे आठ नॉटचा दणका चार नॉटच्या चौपट होईल. एका नॉटच्या खाली काहीच नुकसान नसावे, म्हणजे सावध कप्तानाला खडकालाही हलकेच स्पर्श करून मागे येता येईल. रेतीने भोक पडत नाही, गाळानेही नाही. पण गाळ जहाज धरून ठेवतो, म्हणून सुटायला तिथे जास्त ओढ लागावी.

फसलेल्या खेळाडूच्या हातात नेहमी काहीतरी काम असले पाहिजे. पहिला उपाय म्हणजे वजन टाकणे. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोकच्या उथळ पाण्यात ब्लॅकबिअर्ड या चाच्यावर चालून गेलेल्या ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट मेनार्डची जहाजे रेतीत फसली, तेव्हा त्याच्या माणसांनी तळातले भरताडाचे वजन समुद्रात फेकून ती सोडवली होती. खेळात फेकलेली लुटीची पेटी तरंगत राहावी आणि पाठलाग करणाऱ्याला ती उचलता यावी, म्हणजे काय टाकायचे हा प्रश्न चार खेळाडूंत खराखुरा वाद घडवतो.

दुसरा उपाय नांगराचा, आणि मला तो संपूर्ण खेळातला सर्वांत सुंदर सांघिक प्रसंग वाटतो. दोन खेळाडू छोट्या होडीत नांगर घेऊन ज्या बाजूने जहाज आले त्या बाजूच्या खोल पाण्यात जातात, नांगर टाकतात, आणि उरलेले जहाजावरचा रहाट फिरवून दोर ओढत जहाज मागे खेचतात. ओढ किती लागेल हे तळाचा प्रकार आणि जहाज किती सेंटिमीटर रुतले यांवरून ठरवावे. नांगर रेतीत नीट धरतो, सपाट खडकावर घसरतो. शत्रूने दोर कापला तर सगळी मेहनत वाया, म्हणून होडीचे रक्षण हेही एक काम होते. जून १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डचे ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ उत्तर कॅरोलिनातल्या ब्यूफोर्टच्या मुखाशी फसले, तेव्हा मदतीला गेलेले त्याचे छोटे ‘अ‍ॅडव्हेंचर’ही तिथेच फसले; मदत करणाऱ्या जहाजाला हा धोका खेळातही राहू द्यावा.

तिसरा उपाय भरतीची वाट पाहणे. चढत्या पाण्यात फसलेले जहाज एक-दोन मिनिटांत आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात फसलेले अधिक घट्ट बसते. ऐन उधाणाच्या माथ्यावर फसलेल्याला मात्र पुढची भरतीही पुरणार नाही, म्हणून वजन आणि नांगर हे दोन्ही उपाय मिळून कोणत्याही रेतीतून जहाज निघू शकेल, एवढी ताकद त्यांना द्यावी.

सातवी पायरी: सर्व्हर आणि कमकुवत नेट

खोलीचा नकाशा, भरतीचे सूत्र आणि वजनाचा हिशेब सर्व्हरकडे आणि खेळाडूकडे सारखाच असला पाहिजे. जोडणी होतानाच नकाशाच्या फाईलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा ओळखीचा आकडा, ताडून पाहावा, जुळत नसेल तर खेळ सुरू करू नये. भरतीची पातळी दर क्षणी पाठवण्याची गरज नाही. सर्व्हरचे घड्याळ जुळले की दोन्हीकडे तोच आकडा निघतो. वेग मंदावणे आणि सुकाणू जड होणे हे खेळाडूच्या मशीनने स्वतःच ताबडतोब दाखवावे. जहाज फसले आणि जहाजाचे नुकसान झाले, या दोन घोषणा मात्र फक्त सर्व्हरने कराव्यात आणि त्या हमखास पोचणाऱ्या वाहिनीवरून पाठवाव्यात. दोनशे मिलिसेकंदांच्या विलंबाला आठ नॉटच्या जहाजाची जागा सुमारे ०.८ मीटरने चुकते, म्हणजे नकाशाच्या अर्ध्या ठिपक्याहून कमी. एवढी दुरुस्ती अर्ध्या सेकंदात हळुवारपणे केली तर खेळाडूला झटका जाणवत नाही.

काठावर जहाज फसले-सुटले-फसले असे फडफडू नये म्हणून दोन वेगळ्या मर्यादा ठेवाव्यात: तळाखालचे पाणी शून्याखाली गेले की फसले, आणि सलग दोन सेकंद १५ सेंटिमीटरच्या वर राहिले तरच सुटले. लोडशेडिंगने किंवा नेट गेल्याने कप्तान बाहेर पडला तर शिडे आपोआप उतरावीत आणि सुकाणू जवळच्या खेळाडूला मिळावे. वीज गेल्यामुळे जहाज खडकावर जाणे, हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे.

रेतीचे पट्टे बदलायचे असतील तर दर आठवड्याला एक बीजसंख्या (सगळ्यांच्या मशीनवर तेच यादृच्छिक आकडे काढून देणारा सुरुवातीचा आकडा) द्यावी आणि तिच्यावरून सगळ्यांनी फक्त रेतीच्या ठिपक्यांची खोली ठरलेल्या मर्यादेत नव्याने काढावी. खडक कधीही हलवू नये. जुना कागदी नकाशा अशा बदलानंतर अर्धवट चुकीचा होतो, आणि नवे मोजमाप करून नकाशा विकणे हा खेळाडूंचा धंदा बनू शकतो.

आठवी पायरी: उथळ जागा कुठे ठेवाव्यात

प्रत्येक उथळ जागेला वळसा घालून जाणारी एक लांब, खोल वाट असावी, म्हणजे जवळचा रस्ता हा खेळाडूने स्वतः निवडलेला धोका ठरेल. नवा खेळाडू जिथे उतरतो त्या बंदरासमोर फक्त रेती असावी. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे सदुसष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही, त्यामुळे वाऱ्याविरुद्धची अरुंद वाट त्याला मुळातच बंद असते आणि वल्ही असलेल्या गलबताला उघडी असते. हा फरक मुद्दाम वापरावा. वाटेची रुंदी सुरुवातीला मोठ्या जहाजाच्या लांबीच्या पाचपट ठेवावी आणि खेळाडू सरावले की पुढच्या बेटांवर ती कमी करावी.

नववी पायरी: चाचणी

चाचणी कार्यालयातल्या वायफायवर करून भागत नाही. नेट मुद्दाम खराब करून पाहता येणाऱ्या लिनक्सवरच्या ‘टीसी’ आणि ‘नेटेम’ या साधनांनी दोनशे मिलिसेकंदांचा विलंब आणि चार-पाच टक्के पॅकेटगळती लावून खेळावे, आणि त्यानंतर ब्रह्मपुरी, नागभीड, पवनीकडच्या, खेळाशी संबंध नसलेल्या मुलांच्या हातात त्यांच्याच घरच्या नेटवर द्यावे. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याला भरती कळली का, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसते.

प्रत्येक फसण्याची नोंद ठेवावी: जागा, ड्राफ्ट, भरतीची पातळी, वेग, आणि त्याआधीच्या तीस सेकंदांत दोरी टाकली होती का. नोंदींचे ठिपके नकाशावर मांडले की दोषी जागा उघड दिसतात. दोरी न टाकता पूर्ण शिडांनी आलेले जहाज फसले असेल तर तिथे काही बदलू नये. पण दोरी टाकूनही, वेग कमी करूनही एकाच जागी जहाजे फसत असतील, तर तिथला खडक हलवण्याआधी खुणा तपासाव्यात: पाण्याचा रंग पुरेसा वेगळा दिसतो का, फेस उठतो का, कागदी नकाशावरचा आकडा मोठ्या ओहोटीचाच आहे का. खुणा दुरुस्त केल्यावरही आठवडाभर तेच चित्र राहिले, तरच खोलीला हात लावावा, आणि तोही त्या एका ठिकाणी, एका वेळी पाव मीटरपेक्षा जास्त नाही.